चौदा दिवसांची मुदत

फणसवाडीतल्या नलूताई पेडणेकरांना एका गोष्टीचा भारी अभिमान होता. जन्मात आपण एकालाच शहाणं केलं, आणि तेही मशीनला, असं त्या म्हणायच्या.

माझगावच्या एका जहाज कंपनीत त्यांनी पस्तीस वर्षं टायपिंग केलं. लग्न केलं नाही. आई होती तोवर तिचं केलं. ती गेल्यावर खोलीत दुसरी खाट आणि तिच्यावरची गादी तेवढी उरली. मग कान गेले. फोन कानाला लावला की नुसती शिट्टी ऐकू यायची. तेव्हा टेबलावरचा कॉम्प्युटर आणि त्यातली पत्रपेटी हीच त्यांची बोलायची जागा झाली. बोलायला माणूसही एकच, शाळेपासूनची मैत्रीण मीनाक्षी. लहानपणी समोरच्या चाळीतली, आता नवऱ्यासह इंदूरला मुलाकडे, हितेंद्रकडे. दर गुरुवारी तिचं पत्र यायचं आणि त्याच दिवशी यांचं उत्तर जायचं.

बाकी सगळा कचरा. लॉटरी लागली, कर्ज घ्या, टकलावर केस उगवा! नलूताई रोज सकाळी चहाचा कप घेऊन बसत आणि अशा प्रत्येक पत्रावर ‘जंक’चं बटण दाबत. प्रोग्रॅम त्यावरून शिकत जाई. मग त्याच पत्त्यावरून किंवा तसलं पत्र आलं की परस्पर जंकच्या खणात टाकी, आणि चौदा दिवसांनी ते आपोआप नाहीसं होई. सुंठेवाचून खोकला जायचा.

मार्चमध्ये एका सोमवारी मीनाक्षीचं पत्र आलं. “नलू, हे गेले. काल पहाटे.”

नलूताई रडल्या. दोन ओळींचं उत्तर लिहिलं. मग त्यांना वेगळाच पेच पडला. कुणी गेल्याचं, कोपरा फाडलेलं कार्ड आलं की त्यांची आई ते उंबऱ्याबाहेरच वाचायची आणि तिथेच फाडून टाकायची. अशुभ पत्र घरात ठेवायचं नाही. पण मशीनमधल्या पत्राला उंबरा कुठला? पुसून टाकावं, तर ते आतल्याच केराच्या डब्यात पडून राहणार, म्हणजे घरातच. जंकच्या खणातून मात्र चौदा दिवसांत नाहीसं होईल, तोवर तिकडचं तेरावंही उरकेल. हे त्यांना पटलं. एरवी चलाख बाई, पण त्या दिवशी अक्कल पेंड खायला गेली होती. देवाला हात जोडून त्यांनी बटण दाबलं आणि त्या खणाकडे पुन्हा बघायचं नाही असं ठरवलं.

पुढचा गुरुवार कोरा गेला. सुतक असेल. एप्रिल कोरा गेला. मन लागत नसेल. जूनमध्ये वाटलं, आपण दिवसांना इंदूरला गेलो नाही म्हणून रागावली असेल. मग यांनाही राग आला. लिहायची पाळी तिची, मी का लिहू? मोडेन पण वाकणार नाही, हा पेडणेकरांचा खाक्या. खरं तर बाई आतून पार खचल्या होत्या. आपण आता कुणालाच नको आहोत, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. तरी दर गुरुवारी न्हाऊन, धुतलेली साडी नेसून त्या मशीनसमोर बसत.

नोव्हेंबरात त्यांनी पेन्शनसाठी हयातीचा दाखला दिला. पोच मेलवर येईल, असं बँकेने सांगितलं होतं. चार दिवस झाले तरी आली नाही, तेव्हा नाइलाजाने त्यांनी जंकचा खण उघडला. पोच तिथेच होती. आणि खाली, लॉटरीच्या दोन पत्रांमध्ये, मीनाक्षीचं नाव.

“नलू, हे अकरावं पत्र. तुझ्या त्या दोन ओळींनंतर एक शब्द नाही. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या सीमाला फोन केला. म्हणाली, नलूताई ठणठणीत आहेत, रोज मशीनसमोर बसतात. म्हणजे वाचतेस. मेमध्ये विचारलं होतं, तुझ्याकडे कायमची राहायला येऊ का? आईची खाट मोकळी आहे म्हणून धीर केला. नको तर नको म्हणायचंस गं. हितेंद्रची बदली मस्कतला झालीय, सोमवारी आम्ही निघतोय. आता नाही लिहीत.”

पत्राला तेरा दिवस झाले होते. आधीची दहा पत्रं कधीच नाहीशी झाली होती. मशीनला एकदाच सांगितलं होतं, ते त्याने आठ महिने इमानाने पाळलं.

नलूताई जिना उतरून सीमाकडे गेल्या. सीमाने नंबर लावून पाहिला आणि त्यांच्या कानाशी ओरडली, “बंद लागतोय हो, नलूताई! सांगू नको म्हणाली होती ती, म्हणून मी गप्प बसले.”

वर येऊन त्यांनी लिहिलं, “मीने, तुझी पत्रं मी वाचलीच नाहीत गं. माझ्याच हाताने फेकली. खाट मोकळी आहे. ये.” पत्र पाठवलं आणि शिकवलेलं सगळं पुसून मशीनचं पत्रं निवडणं कायमचं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी पेटीत त्रेचाळीस पत्रं होती. लॉटरी, कर्ज, केस. नलूताईंनी एकही न पुसता प्रत्येक उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्यात मीनाक्षीचं नव्हतं. मग त्या उठल्या आणि आईच्या खाटेवरची गादी गॅलरीत उन्हाला टाकून आल्या.