नॅपकिनवाल्या बाई

आमच्या टायपिंगच्या बाई वर्गाकडे पाठ करून बसायच्या. डोंबिवली पूर्वेला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. चौदा मशीन, चौदा स्टुलं आणि खिडकीकडे तोंड केलेली बाईंची खुर्ची. मांडीवरच्या ताटात बहुधा गवारीच्या शेंगा मोडायला घेतलेल्या असत. मागे चौदा मशीन एकदम खडखडत असताना बाई मान न वळवता म्हणत, "पाच नंबर, डावी करंगळी झोपलीय. उठवा तिला." पाच नंबरवर मी असे आणि करंगळी खरोखरच झोपलेली असे. एवढ्या गोंगाटात एकीची एक करंगळी त्यांना ऐकू कशी येते, ते आम्हा मुलींना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचा दुसरा छळ म्हणजे नॅपकिन. नवी मुलगी महिनाभरात जरा रुळली की बाई निळ्या चौकड्यांचा एक नॅपकिन आणून तिच्या हातांवर टाकत. हात दिसेनासे होत. "डोळे कागदावर," बाई म्हणत. "बोटांना आपापलं घर सापडतं. तुम्ही सारखं सारखं जाऊन दार उघडून देऊ नका." त्या नॅपकिनखाली मी एक पत्र इतक्या वेळा टाइप केलं की ते मला अजून तोंडपाठ आहे. कापडाच्या गाठी वेळेवर पोहोचल्या नाहीत म्हणून एका व्यापाऱ्याने दुसऱ्याला इंग्रजीत लिहिलेलं ते तक्रारीचं पत्र होतं.

कौतुकाच्या बाबतीत बाई पक्क्या कंजूष. क्लासची एक मुलगी परीक्षेत पहिली आली तेव्हा तिने दिलेला पेढा तोंडात टाकून बाई म्हणाल्या, "चालेल." ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी पदवी. आम्ही त्या एका शब्दासाठी जिवाचं रान करायचो. माझी मजल "बरं" पर्यंतच गेली होती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. कॉलेजात चार जणांत एक मशीन, त्यामुळे अभ्यासासाठी घरी कॉम्प्युटर हवाच, असं ठरलं. आमच्या घरातली ती सर्वांत मोठी खरेदी होती. चुकली तर पुन्हा घेण्याची ऐपत नव्हती आणि कॉलेजची चार वर्षं मला त्याच डब्यावर काढावी लागली असती. बाबा मानपाड्याच्या एका कारखान्यात फिटर. ते म्हणाले, "बाईंना घेऊन जाऊया. शेवटी बटणं तीच ना?"

आईने कपाळाला हात लावला. "अहो, त्यांच्या पोटावर पाय देणारं मशीन निवडायला त्यांनाच नेणार?"

ते बाबांना पटलं, तरी ते गेले. मीही सोबत होते. "बाई, तुम्हाला वाईट वाटणार नसेल तर…" असं म्हणून ते चपलांकडे बघत राहिले.

"वाईट कशाला वाटेल?" बाई म्हणाल्या. "पोरगी माझी आहे. तिच्या गळ्यात कुणी भलतंच डबडं बांधलं तर वाईट वाटेल. पण मला त्यातलं ओ की ठो कळत नाही हं, आधीच सांगते."

ठाण्याच्या त्या दुकानात चपला बाहेर काढून जावं लागे. आत देवळासारखी शांतता आणि वर एसीचा गारवा. बाई इस्त्रीच्या सुती साडीत, पर्स छातीशी धरून उभ्या. दुकानदार जे काही सांगत होता ते फक्त बाबांना. एका चकचकीत मशीनवर हात ठेवून तो म्हणाला, "काका, एकदम लेटेस्ट. रॉकेट आहे रॉकेट! हिचं कॉलेज संपेपर्यंत बघायला नको." बाबा प्रत्येक वाक्याला "हो का" म्हणत होते. शेजारी एक पिवळट डब्याचं मशीन होतं. ते त्याने "तो साधा पीस आहे, राहू दे" म्हणून उडवून लावलं.

"यावर टाइप करून बघू?" बाईंनी रॉकेटकडे बोट दाखवलं.

"करा ना मावशी. पण हळू दाबा हां, नाजूक असतं."

बाई बसल्या. पर्समधून निळा नॅपकिन काढून त्यांनी हातांवर घेतला. दुकानातली दोन माणसं एकमेकांकडे बघून हसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी समोरच्या कॅलेंडरवर नजर लावली आणि कापडाच्या गाठींचं पत्र सुरू केलं.

पहिली ओळ होईपर्यंत त्या जरा बिचकल्या, कारण बटणांना खडखडाटच नव्हता. मग त्यांचा हात बसला. नॅपकिन थरथरायला लागला. मशीनने मध्येच पीं पीं करून तक्रार केली, तरी बाई थांबल्या नाहीत. पत्र संपवून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

पडद्यावर अक्षरं येतच होती. बाईंचे हात मांडीवर, आणि समोर एकेक अक्षर धापा टाकत उमटतंय. मधली काही गळालेलीसुद्धा होती. अख्खं दुकान ते शेवटचं वाक्य पुरं होण्याची वाट बघत उभं राहिलं.

"हे माझ्या मागे राहतंय," बाई म्हणाल्या. पाच नंबरची करंगळी झोपलीय असं सांगावं, तितक्याच साधेपणाने.

दुकानदार ओशाळं हसला. "अहो मावशी, एवढ्या स्पीडने कोण टाइप करतं?"

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही करते."

मला पुढचं थोडा वेळ काही ऐकूच आलं नाही. मग बाई त्या पिवळट मशीनवर बसल्या आणि तेच पत्र पुन्हा टाइप केलं. त्यांची बोटं थांबली तिथेच पडद्यावरची ओळही थांबली. त्यांनी नॅपकिनची घडी घातली आणि म्हणाल्या, "चालेल." रॉकेटचा डबा तेवढा नवा आहे, आतलं सगळं जुनं आहे, हे मग दुकानदाराने खालच्या आवाजात कबूल केलं.

खोकी टेम्पोत चढत असताना मी धीर करून विचारलं, "बाई, सगळ्यांनी हे घरी आणलं तर तुमचा क्लास?"

"बंद पडेल."

"मग तुम्ही आलात कशाला?"

"क्लास बंद पडायचा तर पडू दे गं," त्या म्हणाल्या. "मशीन तुझ्यासाठी थांबलं तर हरकत नाही. तू मशीनसाठी थांबायचं नाहीस."

कॉलेजात माझ्या वर्गातली हुशार पोरं एका बोटाने अक्षरं शोधत बसत, आणि तोवर माझा जर्नलमधला प्रोग्रॅम टाइप करून झालेला असे. विचारतील त्याला मी बाईंचा पत्ता दिला. पुढची चारपाच वर्षं भावी इंजिनिअर त्या स्टुलांवर बसून करंगळीवरून बोलणी खात होते. पण एकेक करत तेही संपले. क्लास बंद झाला त्या दिवशी मी नोकरीवरून तडक तिथे गेले. मशीनं भंगारवाल्याने नेली होती. बाई पहिल्यांदाच खोलीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी नॅपकिन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "धुतलाय." मी तिथेच रडले. त्या नाही रडल्या.

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा लेकीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायला गेलो. ती फोनमधून आकडे वाचून दाखवत होती, मी बाबांसारखी "हो का" म्हणत होते. शेवटी मी पर्समधून नॅपकिन काढला.

"आई, प्लीज, इथे नको!"

मी भिंतीकडे बघत पत्र टाइप केलं. इतकी वर्षं झाली, गाठी अजून पोहोचलेल्या नाहीत. मी थांबले, ओळही थांबली.

विक्रेता पोरगा बघतच राहिला. "मॅडम, एवढ्या स्पीडने कोण टाइप करतं?"

"आमच्या बाई करायच्या," मी म्हटलं. "मी त्यांच्या मागे राहायचे."