पाठीवर पोतं देणारा

त्याला सगळे खुसपट म्हणायचे. गोदामात नवा पंखा बसला तेव्हा हा आधी खाली उभा राहून त्याचे खिळे बघत राहिला आणि मग जेवायला लांब जाऊन बसला. बायको म्हणायची, याला देव भेटला तरी हा ओळखपत्र मागेल.

उमेदीची सगळी वर्षं त्याने ट्रकमधली पोती वाहिली. पुढे खांदा गेला, तेव्हा हमालांच्या टोळीने त्याला ट्रकवर चढवलं. काम एकच. पोतं थप्पीतून ओढायचं, कडेला उभं करायचं, खालच्याने वाकून पाठ लावली की वरचे दोन्ही कोपरे धरून हळू झुकवायचं. ओझं मानेवर नाही, खांद्यांच्या मध्ये आलं पाहिजे. लांबून बघणाऱ्याला यात काही काम दिसत नाही. पण टोळीत वाटणी सारखी होती, त्यामुळे हे काम आहे की नाही असा प्रश्नच कधी निघाला नव्हता.

मग मुकादमाने टोळी मोडली. आता कुणी कुणाला बांधील नाही, म्हणाला. जो पोतं आत नेईल त्याला त्या पोत्याची मजुरी, म्हाताऱ्याला आणि तरण्याला दर एकच. यापेक्षा न्याय तो काय असतो?

खुसपटचा धाकटा मेहुणा टोळीत सगळ्यांत दणकट. तो खूश झाला. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचीही पोती वाहिली, असं तो म्हणाला. ते खोटं नव्हतं, हे खुसपटने मनात मान्य केलं. पण पोतं पाठीवर कोण देणार, असं त्याने मुकादमाला विचारलंच.

"ते तुम्ही आपसात बघा," मुकादम म्हणाला.

खुसपटला तिथेच खटकलं. मुकादम याच टोळीत वाढलेला. इतर काहीही विसरेल, पण पोतं देणाऱ्यावाचून काम चालत नाही, हे कसं विसरेल?

सुरुवातीला जो तो ट्रकवर चढला, पोतं ओढलं, खाली उतरून पाठ लावली आणि धापा टाकत बसला. मग जोड्या जमल्या. दणकटाने दणकट निवडला. टोळीतल्या दोन म्हाताऱ्यांना कुणी विचारलं नाही, आणि खुसपटला तर नाहीच.

मेहुणा त्याला म्हणाला, "दाजी, तुम्ही वर थांबा. माझ्या कमाईतलं देईन तुम्हाला."

"आणि हे दोघं?"

"त्यांनी त्यांचं बघावं. मी काय धर्मशाळा उघडलीय?"

घरी चूल पेटायची होती. खुसपट वर चढला.

एक खेप झाली. दुसरं पोतं कडेला आलं आणि खाली दोघांपैकी एक म्हातारा येऊन उभा राहिला. वर न बघता त्याने पाठ वाकवली, हात गुडघ्यांवर टेकले. जन्माची सवय. खुसपटचे हात पोत्याच्या कोपऱ्यांवरच होते.

"दाजी, ते माझं आहे," मागून मेहुणा म्हणाला.

म्हातारा तसाच वाकून उभा.

खुसपटने पोतं आडवं केलं आणि त्यावर बसला. आता कुणालाच नाही, म्हणाला. काम थांबलं, तसा मुकादम आला आणि मोकळ्या माणसांना अडवतोस म्हणून बरसला.

"मी कुठे अडवलंय? वर या, ओढा, उतरा. सगळे मोकळे, तसा मीही."

मुकादमाचा सूर बदलला. तुझा रोज मी देतो, म्हणाला. फक्त मी सांगेन त्याच्याच पाठीवर द्यायचं.

खुसपट याच वाक्याची वाट बघत होता. तो मेहुण्याला म्हणाला, "ऐकलंस? उद्या याचं बोट तुझ्याकडे. तुझी कंबर धरली की दुसऱ्याकडे. मग तूही असाच खाली वाकून राहशील."

मेहुणा पायाने माती उकरत राहिला. मग म्हाताऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

खुसपटने पोतं उभं केलं, म्हाताऱ्याला दिलं. मुकादम बघून घेईन म्हणत निघून गेला. तो बघून घेईल याबद्दल खुसपटला शंका नव्हती. मेहुण्याने पाठ लावली.

"वाटणी सारखी?"

"आधी पोतं द्या."

"आधी बोल."

"सारखी," मेहुणा जमिनीकडे बघत म्हणाला.

मनापासून म्हणाला की कसं, ते कळायला मार्ग नव्हता. वाकलेल्या माणसाचं तोंड वरून दिसत नाही. खुसपटने ओझं त्याच्या खांद्यांच्या मध्ये नीट सोडलं आणि तो वळून थप्पीकडे गेला.