बारा नंबरची पोरगी

मोज्यांच्या कारखान्यात शिरलं की आधी पाय दिसतात. धातूचे, गुडघ्यापर्यंतचे, तळवे वर करून रांगेनं उभे, आतून वाफेनं तापलेले. शंभर माणसं उलटी पुरल्यागत. त्यांच्यावर ओला मोजा चढवायचा, वळ्या काढायच्या, सुकला की ओढायचा. हातमोजे घातले तर वळी कळत नाही, म्हणून उघड्या बोटांनी.

माझ्या मावशीची धाकटी, चिमटी, सतराव्या वर्षी तिथं लागली. अंगात नुसती हाडं, जिभेला मात्र एकही नाही.

मुकादमानं बारा नंबरचा एप्रन दिला. "शिकाऊ आहेस. सहा महिने अर्धा पगार, मग पुरा."

शेजारची काकू पुटपुटली, "आली का गं बारा नंबर परत?"

"मी तर आजच आले, काकू."

"बारा नंबर नेहमी आजच येते, बाई."

सहा महिने भरले, तसा मुकादम म्हणाला, "उद्यापासून तू एकोणीस नंबर. शिकाऊ."

एकोणीसचा एप्रन सोडणाऱ्या बाईचे केस पिकलेले. तिला आता तेहतीस नंबर मिळाला होता, तोही शिकाऊच.

"मावशी, किती वर्षं झाली इथं?" चिमटीनं तिला विचारलं.

"एकोणीसला सहा महिने. माझं काही ध्यानात नाही."

चिमटी मुकादमापुढं उभी राहिली. "माझा पुरा पगार लावा."

"तुझा? तुझ्या नावाची इथं कुणी कामालाच नव्हती. बारा नंबर होती. ती उद्या नवी येतेय."

चिमटी तडक कामगार कचेरीत गेली. मागोमाग काकू अन् ती पिकल्या केसांची. "आम्ही आपल्या बघायला."

"तिथं काम केल्याचा पुरावा?" कारकुनानं विचारलं. नव्हता. "बरं, तक्रारीवर सही कर आणि अंगठा उठव."

अंगठा उठला. नुसता निळा डाग, रेघ एक नाही.

"नीट दाब की!"

पुन्हा तेच. काकूनं अंगठा टेकवला, मग तिसरीनं. तीन डाग, एकसारखे गुळगुळीत. कारकुनानं शेजारी स्वतःचा उठवून पाहिला. त्याच्या रेघा लख्ख आल्या. त्यानं हात झटकन मागं घेतला.

"हे कशानं झालं?"

"पायांनी," चिमटी म्हणाली. "रोज सहाशे चढवतो."

पुराव्याच्या रकान्यात त्यानं 'अंगठे' असं लिहिलं. "अशा अजून किती जणी?"

"एप्रन चाळीस," काकू म्हणाली. "बाया कुणी मोजल्याच नाहीत."

दुसऱ्या दिवशी कचेरीतला साहेब बाया मोजायला कारखान्यात आला. चिमटीला पुरा पगार मिळाला, पण तो पुढं आठ महिने हेलपाटे घालून, चपला झिजवून. मोजायला आला त्या दिवशी साहेबानं सगळ्यांना रांगेत उभं केलं. नंबर नको, नाव सांगा, म्हणाला. एकेक बाई नाव सांगत गेली.

पिकल्या केसांच्या बाईची पाळी आली. तिनं तोंड उघडलं, मिटलं. चिमटीकडं पाहिलं.

"थांबा हं, साहेब," बाई म्हणाली. "आठवून सांगते."