त्या उंदरांना दिसत नव्हतं

"तुका कोणें विचारलें गो? तूं तुजी घाण काड."

प्रयोगशाळेच्या मॅडम हे कोकणीत बोलल्या. पाहुण्यांशी इंग्रजी, माझ्याशी कोकणी. समोर दुधाळ पाण्याचा मोठा टब, त्यात सोडलेला एक उंदीर, भोवती दिल्लीहून आलेले तिघे आणि विद्यार्थी. पाण्याखाली एक पायरी दडवलेली असते. भिंतीवरच्या खुणा बघून उंदराने ती आठवायची. हा नुसता गोल गोल पोहत होता. आठवण गेली, असं मॅडम सगळ्यांना समजावत होत्या. मी म्हटलं होतं, "मॅडम, त्याका दिसना."

सगळे हसले. माझ्या हातात ओल्या भुशाची बादली होती. ती घेऊन मी बाहेर आले आणि नळ सोडून रडले. चाळिशीतली बाई मी, शाळकरी पोरीसारखी रडले. त्याचीच जास्त लाज वाटली.

संशोधन संस्थेच्या ॲनिमल हाऊसमध्ये मी अकरा वर्षं होते, कंत्राटावर. म्हातारपणी माणसाला विसर पाडणारं जनुक घालून वाढवलेले ते उंदीर. त्यांचा भुसा बदलायचा, पाणी भरायचं, मेलेले उचलायचे. धडधाकट उंदीर हाताची सावली पडली की पळतो. हे पळत नसत. हात अंगाला लागला की मग दचकायचे. हे कळायला पदवी लागत नाही, रोज पिंजऱ्यात हात घालावा लागतो. मॅडमनी तो कधी घातला नव्हता.

मी बोलले ते शहाणपणा मिरवायला नव्हे. डिचोलीला घरी माझी आई आहे. मी भात भरवते आणि ती पोटच्या मुलीलाच विचारते, "तू कोणाचा चेडू गो?" या उंदरांतून तिचं औषध निघेल असं मला खरंच वाटायचं. वेडी आशा, पण तिच्यावरच मी पहाटेची बस पकडायचे. उंदीरच चुकीचे असतील तर औषध कुठलं निघणार?

पुढल्या वर्षी उंदरांच्या शेपटीचे तुकडे बाहेर तपासायला गेले. रिपोर्ट आला. या वाणात आंधळेपणाचं जनुकही आहे, महिन्याभरात डोळे जातात. म्हणजे सगळे प्रयोग फुकट. चौकशी नेमली, तिच्या प्रमुख मॅडमच. उंदराला मांजर साक्ष!

मला केबिनमध्ये बोलावलं. "बस गो," म्हणाल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा खुर्ची. टेबलावर टाइप केलेला कागद. पिंजऱ्यांच्या चिठ्ठ्या माझ्या हातून बदलल्या, म्हणून दुसरे आंधळे उंदीर यात मिसळले, असं त्यात माझ्या नावाने लिहिलेलं.

"सय कर. तुका हांव काडची ना."

सही केली तर नोकरी राहणार होती. पेन माझ्या हातात होतं. आईचं डायपर, गोळ्या, सगळं डोळ्यांपुढे आलं. पेन कागदाला टेकवलंही, खोटं कशाला सांगू. पण सही केली असती तर मी पाहिलेलं खोटं ठरलं असतं, आणि आंधळी मीच ठरले असते.

"मी सय करूचंय नाय," म्हटलं आणि उठले.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला, येऊ नको. ते उंदीर गॅसच्या पेटीत घालून मारले. कामगाराची चूक, असं लिहून फाइल बंद झाली. मॅडम आहेत तिथेच आहेत. आई आता विचारतही नाही. औषध तिच्या हयातीत येणार नाही, बहुधा माझ्याही नाही.

दोन ठिकाणी कामाला विचारून आले. आधीचं का सुटलं, म्हणतात. शेजारीण म्हणते, आईच्या आजारपणाचं सांग, कोण बघायला येतंय. मी सांगते, खोट्या कागदावर सही केली नाही म्हणून. दोन्हीकडे नकार मिळाला.

उद्या पेडण्याला तिसरी जागा आहे. तिथेही विचारतील. तिथेही हेच सांगणार.