शिलाई मशीनचे चारशे बारा सुटे भाग

१२ जून, बुधवार. पोर्टलने माझ्या मेहुणीच्या खात्यातून ३,८४६ रुपये ४० पैसे कापून घेतले. पोर्टल म्हणजे तो मोठा ऑनलाइन बाजार, जिथे ती शिलाई मशीनचे सुटे भाग विकायची. एका गिऱ्हाइकाने सहा नवी शटलं, म्हणजे मशीनच्या पोटात खालचा दोरा गुंफणारे भाग, मागवली, आपली झिजलेली सहा त्याच डब्यांत भरली आणि 'माल सदोष' असे लिहून परत पाठवली. पोर्टलने त्याला पूर्ण पैसे दिले आणि मेहुणीकडून मालाची किंमत, दोन्ही वेळचे कुरियर आणि वर दंड वसूल केला. तिने झिजलेल्या शटलांचे फोटो पाठवले. चार मिनिटांत उत्तर आले: आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.

त्याच संध्याकाळी ती आमच्या दारात उभी राहिली. अकरा वर्षांनी.

"ताई आहे?"

"भाजी आणायला गेलीय."

"बरं झालं. काम तुमच्याशीच आहे. भाऊजी, तुमचं बी.कॉम. आयुष्यात एकदा तरी कुणाच्या उपयोगी पडू दे."

मी बस म्हटले नाही. ती बसली.

ही बाई मला आवडत नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो. तिलाही मी आवडत नाही. भांडणाचे कारण मीच होतो, तेही नोंदवतो. ती एकोणीस वर्षे शिलाई मशीनच्या कारखान्यात जुळणी विभागात होती. चालत्या मशीनच्या आवाजावरून शटल कुठे घासते आहे ते ती सांगायची. कारखाना बंद पडला तेव्हा देणी द्यायला पैसा नव्हता. ज्यांना हवे त्यांनी गोदामातला माल घ्यावा, असे मालकाने सुचवले. बाकी सगळे रोख रकमेसाठी कोर्टात गेले. हिने तीन टेम्पो भरून सुटे भाग घरी आणले. मी तिच्या सासरच्या माणसांसमोर म्हणालो, "लोक पैसे मागतात, आमच्या मेहुणीबाई भंगार मागून आल्या." सगळे हसले. तिने चहाचा कप तसाच भरलेला खाली ठेवला आणि उठून गेली. कोर्टातला दावा अजून चालू आहे. हिने त्या भंगारावर मुलीचे नर्सिंग पूर्ण केले आणि गोदामातला माल संपल्यावर दोन लेथवाल्यांकडून तसाच नवा बनवून घ्यायला लागली.

"मला माझं स्वतःचं दुकान पाहिजे," ती म्हणाली. "माझ्या नावाचं. नेटवरच, पण त्यांच्या छपराखाली नाही. हे सगळं तिथून उचलून इकडे आणायचं."

"किती वस्तू आहेत?"

"चारशे बारा."

मी तिचा वर्षाचा हिशेब पाहिला. शंभर रुपयांच्या विक्रीतले एकसष्ट तिच्या हाती पडत होते, आणि त्यातून अजून मालाची किंमत वजा व्हायची होती. माझा साडू, म्हणजे तिचा नवरा, टेम्पो चालवतो. पण पाठीच्या दुखण्यामुळे आठवड्यातून तीनच दिवस. घर पोर्टलवर चालत होते. दुकान हलवताना मोडले तर घरात दुसरा पैसा नव्हता. मी तसे स्पष्ट सांगितले.

"ते मला माहितीय. तुम्ही फक्त कॉम्प्युटरवर यादी मांडून द्या."

म्हणून पुढचे सहा रविवार मी तिच्या घरी गेलो. माझ्या निवृत्तीला दहा महिने राहिले होते आणि रविवारी मी झोपतो, हे ताईने, म्हणजे माझ्या बायकोने, तिला सांगूनही पाहिले. तिची पुढची खोली म्हणजे दुकान. तिन्ही भिंतींना लोखंडी रॅक, रॅकवर औषधांच्या दुकानातून आणलेले पुठ्ठ्याचे खोके, प्रत्येक खोक्यावर खडूने नंबर. मध्ये एक टेबल, टेबलावर पांढरा टॉवेल. त्या टॉवेलवर वस्तू ठेवून ती फोटो काढायची आणि शेजारी स्वतःचा अंगठा ठेवायची, म्हणजे आकार कळतो. पोर्टलने अंगठ्याचे फोटो नाकारले होते. तिथे त्यांचेच गुळगुळीत फोटो लागले होते, ज्यात बॉबिन आणि बैलगाडीचे चाक एकाच मापाचे दिसतील.

साडू कोपऱ्यात स्टुलावर बसून पार्सले बांधत असे. तो बोलत नाही. त्याची गरजही पडत नाही.

पोर्टलमधून यादी उतरवून घेता येते. ती फाइल मी उघडली. वस्तूंची नावे होती, किमती होत्या, साठा होता. गिऱ्हाइकांची नावे नव्हती. पत्ते, फोन काही नाही. नऊ वर्षांत गिऱ्हाइकांनी दिलेले पसंतीचे तारेही तिथेच राहणार होते.

"म्हणजे नऊ वर्षं मी ज्यांना माल दिला ते माझं गिऱ्हाईक नव्हतंच?"

"नाही. पोर्टलचं."

"आणि मी कोण?"

"पुरवठादार."

"हमाल म्हणा की सरळ. लाजता कशाला?"

दुसऱ्या रविवारी माझ्या हातून चूक झाली. मला अस्ताव्यस्त फाइल बघवत नाही. मी घरी रकाने नीट लावले, रेघा मारल्या, जतन केले आणि तिला दाखवायला नेले. तिने चष्मा लावला. बराच वेळ स्क्रीनकडे पाहिले.

"भाऊजी, मी सुया विकते की जन्मदाखले?"

सुईचे माप दोन आकड्यांत लिहितात. नऊ तिरपी रेघ पासष्ट, अकरा तिरपी रेघ पंचाहत्तर. कॉम्प्युटरने त्या तारखा समजून घेतल्या होत्या. नऊ-पासष्टची सुई सप्टेंबर १९६५ झाली होती आणि अकरा-पंचाहत्तरची नोव्हेंबर १९७५. चौदा-नव्वदपासून पुढची मापे बचावली होती, कारण चौदावा महिना नसतो. मूळ फाइलवरच मी जतन केले होते.

"पुन्हा उतरवून घेऊ," मी म्हणालो.

"नको. ज्यानं घाण केली त्यानं पुसायची."

एकतीस ओळी मी हाताने टाइप केल्या. ती मागे उभी राहून खोक्यावरचे माप वाचत होती आणि प्रत्येक मापानंतर "जमतंय ना?" असे विचारत होती. अडतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या मागे असे कुणी उभे राहिलेले नाही.

त्यानंतर वर्णनांवरून भांडण झाले. पोर्टलवर प्रत्येक वस्तूपुढे 'उत्तम दर्जा, सर्व मॉडेल्ससाठी' असे लिहिलेले होते. तसे लिहिले नाही तर वस्तू शोधात वर येत नाही. आपल्या दुकानात तिला ते नको होते. तिने चारशे बारा वर्णने नव्याने सांगितली आणि मी टाइप केली. त्यातली काही अशी:

'हा पट्टा पायाच्या मशीनचा आहे. मोटारीच्या मशीनला लावाल तर तुटेल आणि मी पैसे देणार नाही.'

'बॉबिन केस. जुनी काढून शेजारी धरून बघा. मोजता येत नसेल तर घेऊ नका.'

'तुमचं मशीन आवाज करतं म्हणून हे घेत असाल तर आधी तेल घाला. बहुतेक तेवढंच असतं.'

"गिऱ्हाइकाशी असं बोलतात का?" मी विचारले.

"चुकीचा माल घेऊन परत पाठवतात, त्यांच्याशी असंच बोलतात."

"या भाषेनं एक माणूस फिरकणार नाही."

"तुमच्या भाषेनं अकरा वर्षं मी फिरकले नव्हते. शेवटी आलेच ना?"

ठरले असे की सहा महिने दोन्ही दुकाने चालू ठेवायची आणि नवे उभे राहिले की जुने सोडायचे. माझा आग्रह होता आणि तिने मान्य केला. ४ ऑगस्टला नवे दुकान उघडले, अंगठ्याच्या फोटोंसकट.

आता तिची चूक सांगतो. प्रत्येक पार्सलात ती हाताने लिहिलेली चिठ्ठी घालत असे: भाग कसा बसवायचा, कुठला स्क्रू आधी सैल करायचा, कुठे तेल घालायचे. कारखान्यात जुळणी करणाऱ्याने मशीनबरोबर आपली चिठ्ठी द्यायची पद्धत होती, ती हिने सोडली नव्हती. पोर्टलचा नियम होता की पार्सलात मालाखेरीज काही घालायचे नाही. इतकी वर्षे कुणी लक्ष दिले नव्हते. ऑगस्टमध्ये तिने नव्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर असलेला रबरी शिक्का करून आणला आणि पोर्टलच्या पार्सलांतल्या चिठ्ठ्यांवर मारायला सुरुवात केली. मी नियम वाचून दाखवला.

"माझी चिठ्ठी, माझी शाई," ती म्हणाली. "त्यांच्या बापाचं काय जातं?"

साडूने शिक्का मारलेल्या त्रेसष्ट चिठ्ठ्या त्रेसष्ट पार्सलांत घातल्या. १३ ऑगस्टला खाते बंद झाले. २७,३१८ रुपये पोर्टलकडे अडकले. नव्वद दिवस ते मिळणार नव्हते. मी तिथे असताना पोर्टलच्या माणसाचा फोन आला. तिने स्पीकर लावला.

"मॅडम, पार्सलमध्ये कागद घालणं आमच्या धोरणाविरुद्ध आहे."

"तुमच्या धोरणाला मशीन बसवता येतं का?"

"मॅडम, मी आपली अडचण समजू शकतो."

"समजू शकत असता तर त्या टेबलावर बसला नसता. सहा झिजलेली शटलं माझ्या गळ्यात घातलीत तेव्हा धोरण कुठं जेवायला गेलं होतं?"

"आपल्याला अजून काही मदत हवी आहे का?"

तिने फोन ठेवला. मी म्हणालो, "मी सांगितलं होतं." हे मी म्हणायला नको होते, पण मी सांगितले होते.

"तुम्ही नेहमीच सांगितलेलं असतं. चला, उठा. रविवार झोपायचा असतो ना तुमचा?"

मी उठलो. पुढचे तीन रविवार गेलो नाही. ताई रोज रात्री जेवताना मला बातमी द्यायची. आज काही नाही. आजही काही नाही. साडूने पाठीला पट्टा बांधून आठवड्याचे सहा दिवस टेम्पोवर जायला सुरुवात केली. ताईने तिला पैसे देऊ केले तर ती म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचे असतील तर नकोत." ताईकडे दुसऱ्या कुणाचे असणार?

खाते बंद झाल्यापासून सोळा दिवस एकही ऑर्डर आली नाही.

सतराव्या दिवशी फोन वाजला. शिवणक्लास चालवणारी एक बाई होती. तिने ऑर्डर द्यायला नव्हे, भांडायला फोन केला होता. चिठ्ठीवरच्या शिक्क्यावरून तिने दुकान उघडून पाहिले होते. हे भांडण मला नंतर ताईने सांगितले. ती तेव्हा तिथे होती.

"हे काय लिहिलंय, मोजता येत नसेल तर घेऊ नका? आम्ही काय अडाणी आहोत?"

"मग मोजा. कुठलं मशीन आहे?"

"बावीस मशीनं आहेत माझ्याकडे! तुम्ही मला शिकवणार?"

"बावीस? त्यातली आवाज किती करतात?"

"नऊ."

"तेल कधी घातलं होतं?"

यावर वीस मिनिटे जुंपली. नऊपैकी पाच मशीने नुसत्या तेलावर चालू लागली. उरलेल्या चारांसाठी तिने शटलं, पट्टे आणि सुयांची दोन डझन पाकिटे मागवली. मग तिने ती वर्णने क्लासमधल्या मुलींना मोठ्याने वाचून दाखवली आणि मुलींनी ती आपापल्या फोनवरून पुढे धाडली. खरे तर टिंगल म्हणून. पण टिंगल करणाऱ्यांच्या घरीही मशीने होती.

सप्टेंबरात एकतीस ऑर्डरी झाल्या, ऑक्टोबरात अठ्ठ्याऐंशी. पोर्टलवर महिन्याला दोनशेच्या वर व्हायच्या. पण इथे शंभरातले सत्त्याऐंशी तिच्याकडे राहत होते आणि ऑक्टोबरात परत आलेला माल होता एक. तोही गिऱ्हाइकाने आधी फोन करून, बोलणी खाऊन पाठवला. ऑक्टोबरच्या शेवटी साडू पुन्हा तीन दिवसांवर आला.

नोव्हेंबरात नव्वद दिवस भरले. पोर्टलचे पत्र आले: माफी मागा, यापुढे पार्सलात कोणताही कागद घालणार नाही असे लिहून सही करा, मूळ प्रत कुरियरने पाठवा, खाते आणि रक्कम दोन्ही मिळेल. ताईने मला बळेच नेले.

"सही करू नकोस असं मी म्हणणार नाही," मी म्हणालो. "पैसे तुझे आहेत. आणि दोन्ही दुकानं चालली तर तीनशे ऑर्डरी होतील."

"मसुदा लिहा."

मी लिहिला. नम्र, दोन परिच्छेदांचा. तिने वाचला.

"'अनवधानाने' कशाला? मुद्दाम घातल्या होत्या."

"माफीपत्रात अनवधानानेच असतं."

तिने सही केली. मला आश्चर्य वाटले आणि थोडा विजयही वाटला, तो मी लपवला. पत्र जाऊन पोहोचले. सहाव्या दिवशी खाते उघडले, सातव्या दिवशी २७,३१८ रुपये तिच्या बँकेत जमा झाले. त्या दुपारी तिने मला बोलावून घेतले आणि पोर्टलवरची यादी उघडायला लावली.

"साठा कुठल्या रकान्यात असतो?"

मी दाखवला.

"सगळीकडे शून्य घाला."

"सगळीकडे? चारशे बारा?"

"सगळीकडे."

"आता तर तू लिहून दिलंस—"

"पार्सलात कागद घालणार नाही असं लिहून दिलंय. घालणार नाहीच. पार्सलच नाही तर कागद कसला? चिठ्ठीशिवाय माझा माल जात नाही. चुकीचा बसवतील आणि माझ्या नावानं बोंब मारतील."

मी दोनशे ऑर्डरींची आठवण करून दिली. साडूकडे पाहिले, निदान तो तरी काही म्हणेल म्हणून. तो सुतळी तोडत होता.

"घाला की शून्य," तो म्हणाला. "मला तिकडचे खोके बांधायला आवडत नाही."

मी शून्ये घातली. एकदाच घालून खाली ओढता येतात. पण ती मागे उभी होती, म्हणून एकेक करून घातली. तिने चहा विचारला नाही. मीही थांबलो नाही.

माफीपत्राच्या कुरियरचे १२० रुपये मी भरले होते. ते तिने अजून दिलेले नाहीत.