मांडीखालचे हात

कोथरूडच्या वर्गात बाई मुलांना नाही, आम्हाला शिकवतात. आम्ही म्हणजे ऑटिझम असलेल्या लहान मुलांना दिवसभर सांभाळणारे आजी-आजोबा आणि मावश्या. चटईवर मुलासमोर बसायचं आणि आपले हात आपल्याच मांडीखाली दाबून ठेवायचे, हा त्यांचा पहिला धडा. मुलानं मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही. एक आजी पाण्याचा पेला घेऊन पुढे सरकल्या, तर बाई म्हणाल्या, "तहान तुम्हाला लागलीय का?" शाब्बास वगैरे त्या कुणालाच म्हणत नाहीत. मला त्या जरा कोरड्याच वाटायच्या.

परवा माझ्या नातवाला खाऊच्या बरणीचं झाकण उघडेना. तो रडायला लागला. बाई माझ्या शेजारीच हात मांडीखाली घालून बसल्या होत्या. "थांबा," एवढंच म्हणाल्या. मी माझे हात मांडीखाली आणखी दाबले. बऱ्याच वेळानं तो उठला आणि बरणी आणून त्यानं माझ्या मांडीवर ठेवली. तो अजून बोलत नाही. हे त्याचं पहिलं मागणं.

"आता काढा हात, आजोबा."

मी झाकण उघडलं. त्यांनीही आपले हात बाहेर काढले. तळव्यांवर चटईची नक्षी खोल उमटली होती.