कारखाना चालू आहे

साहेबांनी ऑफिसात मैसूरपाकाचा डबा उघडला तेव्हाच मला राग आला होता, तरी मी तुकडा उचलला. खोटं कशाला सांगू, दोन उचलले. कारखानदारीच्या वाढीत आपलं राज्य देशाच्या पुढं गेलं, अशी बातमी आली होती, आणि साहेब असे फुलले होते की जणू सगळी यंत्रं त्यांनी स्वतःच्या हातानं फिरवली. ‘देश मागं, आपण पुढं!’ दर माणसापाशी येऊन तेच.

माझी नोकरी आकडे गोळा करणाऱ्या सरकारी खात्यातली. तंजावर जिल्ह्यातल्या कारखान्यांत जायचं, माणसं किती, माल किती, काम चालू की बंद, हे विचारून फॉर्म भरायचा. पापनाशमच्या भातगिरण्यांपासून ओरत्तनाडूच्या काथ्याच्या कारखान्यांपर्यंत सगळं मी बसनं पालथं घातलंय. आमचे फॉर्म वर जातात, त्यांची बेरीज होऊन राज्य होतं, राज्यांची बेरीज होऊन देश होतो. मग कुणीतरी दोघांना शेजारी उभं करतं आणि उंची मोजतं.

त्याच संध्याकाळी पुण्याहून मावसबहिणीचा फोन. ‘तुमचं बरं आहे गं बाई, सगळे कारखाने तिकडंच चाललेत!’ तिकडंच म्हणजे कुठं? मोटारी होतात त्या चेन्नईच्या बाजूला, आमच्यापासून सहा-सात तासांवर. आमच्याकडं कावेरीचं पाणी, भात आणि माड. घरातला एक पोरगा पैलवान निघाला म्हणून दुसऱ्याचा ताप उतरत नाही, असं मी तिला म्हटलं. ‘तू नेहमीचीच कडू,’ म्हणाली आणि हसली. हसेल नाही तर काय करेल? तिला माझ्या भावाचं ठाऊक नव्हतं.

माझ्या धाकट्या भावाचा ओरत्तनाडूजवळ काथ्याचा कारखाना. नारळाची सोडणं यंत्रात घालायची, काथ्या वेगळा काढायचा, वाळवून गठ्ठे बांधायचे. आधी वादळानं माड आडवे केले. मग परदेशातली गिऱ्हाइकं फिरकेनात. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात यंत्र थांबलं ते थांबलंच. इथं सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायचं कुणी? आमच्या घरात झाकली मूठ सव्वा लाखाची. ‘बंद नाही पडला, थांबलाय,’ एवढंच भाऊ म्हणायचा. त्याला वाटायचं, बंद म्हटलं की आपले वाडवडील मराठ्यांच्या राज्यात इथं आले तेव्हापासूनची सगळी अब्रू त्या दारात सांडेल. डोंबलाची अब्रू!

एक रीत मात्र त्यानं सोडली नाही. आमच्याकडची खंडेनवमी म्हणजे तमिळ शेजाऱ्यांची आयुधपूजा. त्या दिवशी यंत्र धुऊन पुसून त्याला चंदन-कुंकू लावतात, केळीचे खांब बांधतात, आणि त्याला हात लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, चांगल्या वेळेवर ते सुरू करायचं. चालू असो नसो, दसऱ्याला यंत्र फिरलंच पाहिजे. मग जुन्या कामकरी बायाही ठेवणीतली लुगडी नेसून येतात, सुंडल, म्हणजे फोडणीचे उकडलेले हरभरे, आणि चुरमुऱ्यांची पुडी घेतात, यंत्र सुरू झालं की हात जोडतात.

यंत्र थांबलं त्या वर्षीच्या दसऱ्याला मीही गेले, बहीण म्हणून. आणि बसचा एक हेलपाटा वाचावा म्हणून पिशवीत फॉर्म घेऊन गेले. इथंच माती खाल्ली. बहिणीनं सुंडल खावं, गप घरी यावं. भावाचा फॉर्म दुसऱ्या कुणाला तरी द्यायला हवा होता, पण आमच्या ऑफिसात माणसंच किती! यंत्र घरघरत होतं, विजेचा मीटर फिरत होता. मी पेन काढलं आणि म्हटलं, ‘बंद लिहू ना रे?’

भाऊ असा अंगावर आला! ‘आजच्या दिवशी बंद म्हणतेस? जीभ आवर!’

मी जीभ आवरली. चालू लिहिलं. किती बाया कामावर, या रकान्यासाठी अंगणात सुंडल खात बसलेल्या बाया मोजल्या. अकरा. पुढच्या वर्षी तर मोजल्याही नाहीत, मागचाच आकडा उतरवला. सणासुदीला आपल्याच माणसाचं वाईट कशाला लिहायचं, म्हटलं. एवढी शिकलेली बाई मी! दुसऱ्या कुठल्या कारखान्यात कुणी मला असं गंडवलं असतं तर त्याचा फॉर्म फाडून तोंडावर मारला असता.

मैसूरपाकानंतर चारच दिवसांनी त्या बायांतली थोरली ऑफिसात आली. कारखान्यात एकोणीस वर्षं काम केलेली, चाळिशीच्या तोंडावरची. मला ती अक्का म्हणते. शेजारच्या जिल्ह्यात बुटांचा मोठा कारखाना निघालाय, इकडून बायांना न्यायला गाडी येते. बंद पडलेल्या कारखान्यातल्या बायांना तिथं आधी घेतात, पण दोन अटी: जुना कारखाना सरकारी कागदावर पुरतं एक वर्ष बंद असायला हवा आणि वय चाळिसाच्या आत. तिच्या चाळिशीला सहा महिने उरले होते. नवरा अंथरुणाला खिळलेला. त्याला सोडून तिरुप्पूरच्या कपड्यांच्या कारखान्यांत जाऊन राहणं शक्य नव्हतं, रोजची गाडी मात्र जमण्यासारखी होती.

‘तिथला माणूस म्हणतो, तुमचा कारखाना चालू आहे,’ ती तमिळमध्ये म्हणाली. ‘म्हणतो, तुम्हाला काम आहे, मग दुसरं कशाला मागता? अक्का, कुणी लिहिलं असेल हो असं?’

कुणी लिहिलं असेल! मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तडक साहेबांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, माझी चूक आहे हेही सांगितलं. म्हटलं, गेल्या दोन वर्षांचे फॉर्म दुरुस्त करा.

‘यंदाच्या फॉर्मवर बंद लिहा. मागचं उकरू नका.’

‘यंदा बंद लिहिलं तर तिचं वर्ष भरेपर्यंत ती चाळिशी ओलांडेल.’

‘बाई, त्या आकड्यांवर वर सही झालीय. राज्याचा आकडा छापून आलाय. एका काथ्याच्या शेडसाठी तो खाली आणायचा?’

‘खाली येत असेल तर येऊ दे!’ माझा आवाज बाहेरच्या शिपायानंही ऐकला. ‘देशाच्या पुढं गेलात म्हणून मिठाई वाटलीत ना? पुढं गेलेल्यांत ही बाई कुठं आहे ते दाखवा मला!’

साहेबांनी शांतपणे माझाच फॉर्म पुढं ठेवला आणि सहीवर बोट ठेवलं. ‘सही कुणाची?’

माझीच. आपलेच दात, आपलेच ओठ.

तिला घरी पाठवून मी ओरत्तनाडूची बस धरली. भाऊ ओसरीवर पेपर वाचत बसला होता, राज्याचा तोच आकडा असलेला, चार दिवसांपूर्वीचा पेपर. आयुष्यात त्याच्यावर अशी ओरडले नव्हते. ‘तुझी अब्रू ठेव फडताळात नि लिहून दे, दोन वर्षं कारखाना बंद आहे म्हणून!’ तो आधी गुरकावला, मग त्यानं लिहून दिलं. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. मला तसूभर दया आली नाही. ती चिठ्ठी घेऊन मी बुटांच्या कारखान्यात स्वतः गेले. तिथल्या माणसानं ती वाचली, परत माझ्या हातात दिली. मालकाची चिठ्ठी चालत नाही म्हणे, सरकारी कागद लागतो. सरकारी कागद म्हणजे माझा फॉर्म.

मी तिच्या घरी गेले. सांगायला तर हवं होतंच. ती दारात तांदूळ निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं, तो फॉर्म मी लिहिला, माझ्या हातानं. वाटलं, सूप फेकून मारेल. मारायला हवं होतं. तिनं नुसतं विचारलं, ‘त्यात काय लिहिलंय, वाचून दाखवा.’

पिशवीत प्रत होती. वाचून दाखवली. कारखाना चालू. कामावर बाया अकरा.

‘अकरा?’ ती बोटांवर मोजू लागली. ‘दोघी तिरुप्पूरला गेल्या. चौघी भातावर मजुरीला जातात. तिघी घरीच असतात. एक गेल्या वैशाखात वारली, तुम्ही आला होतात की मातीला.’

मी आले होते.

‘म्हणजे तीही कामावर आहे,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती नीट समजून घेत होती. मग तिनं उरलेलं एक बोट माझ्यासमोर धरलं.

‘आणि अक्का, मी आज कामावर आहे ना? मग मला त्या कामावर न्यायला गाडी कधी येते?’